कॅप्टन मॅडम आणि उजवं इंजिन

मिसळीचा पहिला घास तोंडात गेला, की समोरून प्रश्न यायचा.

"बोल. धावपट्टी सुटली. चाकं वर घेतलीस. उजवं इंजिन पेटलं. पैलं काय करशील?"

मी मूळचा नाशिकचा. कोल्हापूरचा कट अजून अंगवळणी पडला नव्हता. डोळ्यांतून पाणी गळत असताना मी कसाबसा म्हणायचो, "आगीचं हँडल ओढीन."

"चूक. पाव खा. परत सांग."

"घंटा बंद करीन."

"चूक."

शेजारच्या टेबलावरची माणसं माना वळवून बघायची. एकदा तर गल्ल्यावरच्या मालकाला राहवलं नाही. "आपा, पोराला गिळू तरी द्या की! आणि हितं सारखं आग-आग म्हणू नका, मागं सिलिंडर हायत."

या आपा म्हणजे आमच्या कॅप्टन. एका लहानशा कंपनीचं दोन पंख्यांचं विमान आम्ही हैदराबादहून कोल्हापूरला आणायचो, एक मुक्काम करायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत न्यायचो. मी त्यांचा सहवैमानिक, वयाने त्यांच्या निम्मासुद्धा नाही. माझा मुक्काम हॉटेलवर असे. त्या मात्र राजारामपुरीत स्वतःच्या घरी जात, सकाळी स्कूटरवरून मला घ्यायला येत आणि विमानतळाच्या वाटेवर हा मिसळीचा तास घेत.

बोलायच्या कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा, "मी आलो, मी गेलो, मी सांगतो." हैदराबादच्या ऑफिसातली मुलं यावर हसत. मॅडमना त्याचं काही नव्हतं. रेडिओवरचं त्यांचं इंग्रजी इतकं स्वच्छ होतं की टॉवरवाले बाकीच्या वैमानिकांना त्यांचं उदाहरण देत, आणि बटण सोडलं की पुढच्याच वाक्याला त्या राजारामपुरीत परत आलेल्या असत. "आयला, ऊन काय पडलंय बघ."

मिसळ संपत आली की उत्तर त्या स्वतःच सांगायच्या. "पैलं विमान उडवायचं. आग नंतर." पहिल्या आठवड्यातच मला हे पाठ झालं. पण पुढच्या वेळी मी ते धडाधडा म्हणून दाखवलं, तर त्यांनी मान हलवली. "पाठ झालंय तुझं. पोटात गेलं न्हाय अजून." पोटात गेलं हे त्यांना कशावरून कळणार होतं, ते मला कधी समजलं नाही.

त्यांचं घर त्यांच्या भावाच्या दुकानावर होतं. भावाचा गाद्यांचा धंदा, वडिलोपार्जित. कापूस पिंजायचं यंत्र मागच्या खोलीत घरघरत असायचं आणि पुढे तयार गाद्यांची थप्पी. मॅडम फावल्या वेळी त्या थप्पीवर चढून बसायच्या, डोळे मिटायच्या आणि हवेत हात चालवायच्या. डावा हात पुढे, उजवा खाली, मग वर काहीतरी ओढल्यासारखं. ओठ हलत असायचे. विमान नसताना विमान उडवायचा हा सराव बरेच वैमानिक करतात, पण ते दार लावून. मॅडम रस्त्याच्या तोंडाला बसून करायच्या.

"गिऱ्हाईक आत येतंय आणि हिला बघून परत जातंय," त्यांचा भाऊ मला एकदा चहा देताना म्हणाला. "परवा एक बाई लेकीच्या लग्नाची गादी घ्यायला आलती. हिचं हे चालू. बाई मला हळूच विचारती, काय अंगात येतंय का हो तुमच्या बहिणीच्या?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, व्हय, विमान येतंय."

मॅडम वरून डोळे न उघडताच म्हणाल्या, "भाईजान, आवाज कमी. उतराय लागलोय."

त्या वैमानिक कशा झाल्या, हे मी त्यांना तीनदा विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाल्या, नर्सिंगला नाव घालायला गेलतो, चुकून शेजारच्या रांगेत उभा राहिलो. दुसऱ्यांदा म्हणाल्या, लहानपणी सायकलवरून पडलो, म्हटलं जमिनीवरचं वाहन काय आपल्याला जमायचं न्हाय. तिसऱ्यांदा म्हणाल्या, अब्बांनी सांगितलं म्हणून. या तिसऱ्या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यामुळे ते खरं असेल असं मी धरून चाललो आहे, पण विचारायची सोय राहिली नव्हती. त्यांनी लगेच डाव्या इंजिनाबद्दल प्रश्न टाकला.

कंपनीत त्यांचं नाव 'बैलगाडी' पडलं होतं. विमान सुटायच्या आधी आम्ही दोघांनी एकमेकांना सांगायचं असतं, आज काही बिघडलं तर कोण काय करणार. बाकीचे कॅप्टन ते भरभर उरकायचे. रोजचंच असतं, दोघांनाही ठाऊक असतं. मॅडम मात्र ते नवीन असल्यासारखं सांगायच्या. आज वारा कुठला आहे, ढग कुठे आहेत, इंजिन गेलं तर कुठल्या बाजूला वळायचं, तिकडे काय आहे. मग मला म्हणायच्या, "आता तू मला सांग." मी सांगायचो. मध्येच त्या थांबवायच्या. "दमानं. पळत जाऊन कोण मेलंय का तिकडं?" या सगळ्यात विमान सुटायला उशीर व्हायचा आणि हैदराबादहून फोन यायचा.

एकदा फोनवरच्या साहेबांनी जरा आवाज चढवला. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, उशीर झाला तर माणसं शिव्या देणार, मान्य. पण शिव्या द्यायला माणसं शिल्लक पायजेत की." आणि फोन माझ्या हातात दिला. साहेब पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिले.

पुढे त्यांना विमानावरून काढून ऑफिसात बसवायची बोलणी सुरू झाली. ते त्यांच्या कानावर होतं. त्यावर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. फक्त गाद्यांच्या थप्पीवर बसायचं प्रमाण वाढलं, असं भाईजान म्हणायचे.

ज्या दिवसाबद्दल लोक मला विचारतात, तो दिवस पावसाळा सरल्यानंतरचा. आकाश धुतल्यासारखं होतं. विमान भरलेलं होतं. त्या फेरीला उडवायची पाळी माझी, म्हणजे हात माझे आणि बाकीचं सगळं बघणं त्यांचं. त्यांनी नेहमीचं सांगितलं, मी नेहमीचं सांगितलं, नेहमीचा उशीर झाला आणि आम्ही सुटलो.

उजळाईवाडीचा विमानतळ टेकाडावर आहे. ऊन तापलं की तिथून गरम वारा वर चढतो आणि त्या वाऱ्यावर घारी घिरट्या घालतात. चाकं वर घेतली आणि उजवीकडून एक काळी सावली काचेच्या कडेनं गेली. धप्प असा आवाज झाला. पोतं पडावं तसा. लगेच विमानाचं नाक उजवीकडे ओढलं गेलं, जळक्या पिसांचा वास आत आला, घंटा वाजायला लागली आणि समोर लाल दिवा पेटला.

मी डावा पाय जीव खाऊन दाबला. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते आठवत नाही. पायाखालचं ते जड पेडल तेवढं आठवतं.

"उडव," मॅडम म्हणाल्या. एवढंच. त्यांनी घंटा बंद केली आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले.

मला वाटलं, बाई गोठल्या. आग लागल्याचा दिवा डोळ्यांसमोर जळतोय आणि या हात मांडीवर ठेवून पुढे बघत बसल्यात. खाली घरं होती, पुढे टेकडी. विमान चढत होतं, पण रोजच्यासारखं नाही, चढणीला लागलेल्या भरल्या ट्रॅक्टरसारखं. टेकडी खाली गेली. मग आणखी थोडं. तेव्हा त्या बोलल्या.

"काय दिसतंय? सांग."

"उजव्या इंजिनाला आग."

"परत बघ. मग सांग."

मी परत बघितलं. काटे बघितले. "उजवं."

"मला पण उजवंच दिसतंय."

आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी भीती जळत्या इंजिनाची नसते. घाईत हात चुकून चांगल्या इंजिनावर पडतो, याची असते. असं झालेलं आहे, शहाण्यासुरत्या माणसांच्या हातून. मॅडमनी उजव्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला, पण ओढला नाही. "ह्यो उजव्याचा. बरोबर?"

"बरोबर."

मग ओढला. इंजिन बंद झालं, पंखा थांबला. आगीचं हँडल ओढलं आणि आग विझवायची पहिली बाटली इंजिनात सोडली.

दिवा लालच.

अशा बाटल्या विमानात एका इंजिनासाठी दोनच असतात. पहिली सोडल्यावर जरा थांबायचं असतं, मग दुसरी. तो 'जरा' मी जन्मात विसरणार नाही. माझी नजर सारखी दिव्याकडे जात होती.

"पुढं बघ," त्या म्हणाल्या. "दिवा मी बघतो. तुझं काम पुढं हाय."

"मॅडम, विझला नाही तर?"

"तवाचं तवा. आता डावीकडं वळ. हळू. चालू इंजिनाच्या बाजूला."

मी वळवलं. उजवीकडे शहर होतं, डावीकडे कागलच्या बाजूचा ऊस. त्यांनी दुसरी बाटली सोडली. मी पुढे बघत होतो, त्यामुळे दिवा विझलेला मी बघितला नाही. "गेला," असा त्यांचा आवाज तेवढा ऐकला. त्या आवाजात काहीच नव्हतं. आनंदसुद्धा नाही.

त्यांनी टॉवरला सांगितलं की आम्ही परत येतोय, अग्निशमनच्या गाड्या तयार ठेवा. तेवढ्यात मागून हवाईसुंदरीचा फोन आला. पोरगी बिचारी नवीन होती. म्हणाली, बहुतेक जण बसून आहेत, रडतायत, देवाचं नाव घेतायत. पण सातव्या ओळीतल्या एक आजी पिशवी घेऊन उभ्या राहिल्यात. म्हणतायत, मला इथंच उतरवा.

मॅडमनी एक क्षण डोळे मिटले. मला वाटतं त्यांना हसू येत होतं. मग त्यांनी केबिनमधल्या स्पीकरचं बटण दाबलं. अशा वेळी काय बोलायचं ते इंग्रजीत आणि हिंदीत ठरलेलं असतं. ते त्या बोलल्याच. पण त्याआधी बोलल्या ते असं:

"पावणं, मी कॅप्टन बोलतो. पक्षी धडकलाय. उजवं इंजिन बंद केलंय, आग विझलीया. डावं इंजिन दांडगं हाय, त्याच्यावर विमान आरामात उडतंय. आपण कोल्हापुरात परत चाललोय. पट्टा आवळून बसायचं. उजव्या बाजूच्यांनी इंजिनाकडं टक लावून बसू नका, बघून त्याला काय फरक पडत न्हाय. आणि सातव्या ओळीतल्या मावशी, तुम्ही खाली बसा. उतरवतो तुम्हाला, पण जमीन आल्यावर."

दाराआडून हसण्याचा आवाज आला. रडता रडता माणसं हसतात ना, तसा. मग हवाईसुंदरीनं कळवलं की आजी बसल्या.

धावपट्टी समोर आली, तेव्हा माझा डावा पाय थडथड उडत होता. सगळा वेळ पेडल दाबून धरलेलं. मॅडमनी खाली बघितलं. "पाय दमला व्हय?"

"हो."

"मग मी घेतो. दे."

मी दिलं. त्यांनी उतरवलं आणि जोरात आपटलं. दात वाजले माझे. मागे कुणीतरी ओरडलं. विमान धावपट्टीवर थांबलं, गाड्या सायरन वाजवत आल्या, आणि कॅप्टन मॅडम माझ्याकडे बघून अतिशय नाराजीनं म्हणाल्या, "आपटलं की रे."

सगळे उतरले. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. मॅडम इंजिनापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पात्यांना पिसं चिकटली होती. "घार हुती," त्या म्हणाल्या. "तिला काय ठाऊक." मग आत इमारतीत आल्या, बूट-मोजे काढले आणि लोखंडी खुर्चीवर बसून अनवाणी पाय फरशीवर टेकवले. "गार लागतंय बघ. तू पण काढ." आम्ही दोघं गणवेशात, अनवाणी बसलो. येणारे-जाणारे बघत होते. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुधा नाशिकबद्दल.

कंपनीनं सांगितलं, दुसरं विमान निघालंय, दोन-तीन तासांत येईल आणि सगळ्यांना हैदराबादला नेईल. आम्हा दोघांना अर्थातच उडवायचं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी चौकशीला तिकडे हजर व्हायचं होतं. मी त्याच विमानानं प्रवासी म्हणून जाणार होतो. मॅडमनी मोबाइल काढला आणि रात्रीच्या बसचं तिकीट काढलं.

"बसनं?" मी म्हणालो. "अहो, विमान येतंय ना. रात्रभर कशाला अंग खिळखिळं करून घेता?"

"मला बस आवडती," त्या म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. इतक्या लहरी होत्या, त्यात ही एक.

तेवढ्यात सातव्या ओळीतल्या आजी शोधत आल्या. शाहूवाडीकडच्या. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, हातात तीच पिशवी. घरच्या भाताचे तांदूळ आणि डिंकाचे लाडू. धाकटी लेक हैदराबादला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण. मुलगा सकाळी विमानात बसवून गावी परत गेला होता.

"तूच बोलत हुतीस नव्हं मघाशी?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"व्हय, मावशी."

"तूच चालवत हुतीस?"

"न्हाय. वर हुतो तवर ह्यानं चालवलं." मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "मी नुसता आपटायला."

आजींनी मला नीट निरखलं. त्यांचा विश्वास बसला असं दिसलं नाही. मग त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "मी काय आता त्यात बसत न्हाय. चालत जाईन हैदराबादला."

"चालत कशाला? माझ्यासंगं बसनं चला रातच्याला. सकाळी पोचतोय."

आजींचा चेहरा खुलला. बसची सोय झाली, मॅडमनी दुसरं तिकीट काढायला घेतलं, आणि आजींच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. आवाज इतका मोठा ठेवलेला की आम्हाला सगळं ऐकू आलं. जावई होता. कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात घेऊन चाललोय, तुम्ही कुठपर्यंत आलात? मग फोन लेकीनं घेतला. धाप लागलेली. "आई, कुठं हायस गं? येतीस नव्हं? रातच्या आत ये."

आजी म्हणाल्या, "येतो गं बाळा. आलोच." फोन ठेवला आणि हात मांडीवर तसेच राहिले. "आलोच म्हणालो," त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या. "कसं जाऊ?"

बाहेर आमच्या विमानाला ट्रॅक्टर लावून बाजूला ओढत होते.

"तू बसणार असशील तर बसतो," आजी म्हणाल्या. "तू आत असलीस की मला भ्या न्हाय."

मॅडम पायांकडे बघत राहिल्या. "पोरगं जातंय की हे. हे बसंल तुमच्या शेजारी."

"ह्ये?" आजी म्हणाल्या.

मॅडम उठल्या आणि मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. "मी बसत न्हाय मागं," खालच्या आवाजात म्हणाल्या. "कवाच बसलो न्हाय. पायलट झाल्यापासनं. सुट्टीला जायचं तर रेल्वेनं जातो, भाईजानला ठाऊक हाय. पुढं बसलं की सगळं दिसतंय, हातात काम असतंय. मागं बसलं की दार बंद. पुढं कोण हाय, झोप झालीया का त्याची, घरनं भांडून आलाय का, काय कळत न्हाय. नुसतं बसायचं. मला जमत न्हाय रे. जीव जातो माझा."

इतक्या वर्षांत मी त्यांना विनवणीच्या सुरात बोलताना ऐकलं ते त्या एकाच वेळी. त्यांनी वळून आजींकडे पाहिलं. आजी पिशवी छातीशी धरून दाराकडे बघत होत्या.

मॅडमनी बूट घातले. मोबाइलवर बसचं तिकीट रद्द केलं. "चला, मावशी."

त्या संध्याकाळी, आम्ही हैदराबादला उतरून तासाभरातच आजींना नात झाली. चौकशीही नीट पार पडली. मॅडमना ऑफिसात बसवायचं बोलणं नंतर कुणी काढलं नाही, निवृत्तीपर्यंत त्या उडवत राहिल्या आणि तितकाच उशीर करत राहिल्या. आपटल्याचं मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

पण कॅप्टन मॅडम म्हटलं की मला आठवतं ते दुपारचं दुसरं विमान. सातवीच ओळ मिळाली होती. आजी खिडकीला, शेजारी मॅडम, मधल्या वाटेपलीकडे मी. दार लागलं. पुढच्या वैमानिकांचं बोलणं भराभर उरकलं असणार, कारण आम्ही वेळेवर हललो. मॅडमच्या कपाळावर घाम आला होता. पंखे भरात आले, विमान धावायला लागलं, तशी त्यांनी आजींचं मनगट पकडलं, बांगड्यांसकट. डोळे गच्च मिटलेले, जबडा आवळलेला. आजींनी आधी चमकून त्यांच्याकडे बघितलं. मग दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि थोपटायला लागल्या, झोपेत दचकलेल्या पोराला थोपटतात तसं. स्वतः मात्र मान वळवून काचेतून बाहेर बघत होत्या.

चाकं सुटली. जमीन खाली गेली.

"ए पोरी," आजी म्हणाल्या, "उघड की डोळं. उडालं कवाच. ती बघ रानं केवढुशी दिसत्यात."